शुक्रवारची कंपनी

१

शुक्रवारी संध्याकाळी वेदिका देवरे नाशिककरांना जी गोष्ट सांगणार होती, ती दुपारीच बाजाराला कळलेली होती. हे उघडकीस आलं सोमवारी, चहा सांडलेल्या एका टेबलावर.

दोन हजार पाच सालची गोष्ट. सोमनाथ शिरसाठ यांचं कॉलेज रोडला शेअर दलालीचं ऑफिस होतं आणि वेदिकाच्या कार्यक्रमाचे जाहिरातदारही तेच होते. त्यांनी किमतींच्या आलेखांचे कागद टेबलावर पसरले.

"ताई, हे बघा. बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो, तुमचा कार्यक्रम लागतो संध्याकाळी. मग जेवणाच्या वेळेलाच शेअर उडतोय कसा? आणि एकदा नाही, चारदा."

"योगायोग असेल," वेदिका म्हणाली.

"एकदा योगायोग. चारदा म्हणजे कोणीतरी आतलं बोलतंय."

रविवार कारंजाजवळच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्थानिक केबलची कंट्रोल रूम होती. त्या खोलीतून 'बाजारभान' निघायचा. एरवी टीव्हीवर दिवसभर आकड्यांच्या पट्ट्या पळायच्या, कोट घातलेली माणसं इंग्रजीत आणि हिंदीत 'घ्या, विका' ओरडायची. नेटवर टोपणनावं घेऊन बसलेले लोक टिपा वाटायचे. या गोंगाटात एक बाई शांतपणे मराठीत सांगायची, की कंपनी बनवते काय, तिच्या डोक्यावर कर्ज किती, तिचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा. शुक्रवारी एका छोट्या कंपनीचा सविस्तर अभ्यास. त्या भागाचं नाव 'शुक्रवारची कंपनी'. 'घ्या' असं वेदिका कधी म्हणाली नाही. लोक मात्र सोमवारी घ्यायचेच, आणि हे तिला माहीत होतं.

ती मूळची वर्तमानपत्रातली. प्रूफ पाहिल्याशिवाय पान सोडायचं नाही, ही तिथली शिस्त तिनं केबलवरही आणली होती. शुक्रवारी ती जेवायला पंचवटीतल्या घरी जायची, तिथून प्रूफ बघून फोनवर दुरुस्त्या सांगायची आणि मग 'सोड' म्हणायची. मागच्या महिन्यात एकदाच चौदा टक्क्यांचे एकेचाळीस टक्के होऊन गेले, त्याची टोचणी तिला अजून होती.

केबलचे मालक गोरक्ष आव्हाड यांनी कागदांकडे पाहिलंच नाही. त्यांना आलेख कळत नसत, माणसं कळत. निदान त्यांचा तसा समज होता.

"मॅडम, मला एवढंच सांगा. कंपनीचं नाव आधी कोणाकोणाला माहीत असतं?"

"मला. आणि पडद्यावरचा मजकूर टाइप करते म्हणून रोशनीला."

"अजून?"

"अजून कोणाला नाही."

गोरक्ष काही बोलले नाहीत. ती शांतता वेदिकाला सोसली नाही आणि तिनं ती एका वाक्यानं भरली.

"रोशनीचा भाऊ राजू सोमनाथभाऊंच्या ऑफिसात शेअर-सौद्यांच्या टर्मिनलवर बसतो."

बातमीत पार्श्वभूमी द्यावी तसं, कोरड्या आवाजात ती बोलली. बोलून मान वळवली, तर दारात रोशनी गांगुर्डे उभी होती. हातात टेबल पुसायचं फडकं होतं.

२

"उद्यापासून येऊ नकोस," गोरक्ष तिला म्हणाले. रोशनी भांडली नाही. तिनं टेबल पुसलं, फडकं वाळत घातलं, पर्स उचलली.

"मॅडम, या शुक्रवारचं पान अर्धं झालंय. सेव्ह केलंय," एवढं म्हणून ती जिना उतरली.

"बघा, एक शब्द बोलली नाही," गोरक्ष म्हणाले. "खरी असती तर बोलली असती. शुक्रवारी तुमच्या कार्यक्रमात तिचं नाव घेऊन पट्टी फिरवतो, की हिला काढलं, प्रेक्षकांनी संबंध ठेवू नये. शनिवारी पोलिसात अर्ज."

"इतक्या घाईनं?"

"माझ्या केबलची अब्रू आहे, मॅडम. आणि भावाचं तुम्हीच सांगितलंत ना?"

बाविशीतल्या मुलीचं नाव शहरभर केबलवर असं फिरलं, की पुढे तिला नोकरी कोण देणार? आपण खोटं बोललो नाही, असं वेदिका स्वतःला बजावत होती. पण खरं बोलूनही माणूस बुडवता येतो, हे तिला वीस वर्षांच्या नोकरीत ठाऊक झालेलं होतं.

मंगळवारी सकाळी ती इंदिरानगरला धनराज पगारांकडे गेली. पगार सर देवळ्याचे. वर्तमानपत्रात ते मुख्य उपसंपादक असताना वेदिका त्यांच्या हाताखाली कांद्याचे भाव लावायची. निवृत्त झाले तरी खिशात लाल पेन असायचंच. लग्नपत्रिका आली तरी आधी दुरुस्त करायचे.

तिनं सगळं सांगितलं. राजूबद्दलचं वाक्यही सांगितलं, फक्त ते शेवटी.

"हे वाक्य पहिलं पाहिजे होतं. शेवटच्या परिच्छेदात दडवलंस," पगार म्हणाले. "कोण बाई कोणाचा भाऊ कुठे बसतो ते सांगते? जिला स्वतःवरचा संशय दुसरीकडे वळवायचा असतो ती."

वेदिकानं खुर्ची जरा मागे सरकवली.

"बरं, मुद्द्यावर ये. नाव दोघींना माहीत होतं. तू एकीला वगळलंस. का?"

"कारण ती मी आहे, सर. मी कोणालाही सांगितलं नाही."

"हे तुझं मत झालं." पगारांनी चष्मा पुसला. "बातमी नाही."

३

सोमनाथ शिरसाठ यांच्या ऑफिसात पाच टीव्ही होते आणि पाचही ओरडत होते. पगारांनी आवाज बंद करायला लावला.

"सोमनाथराव, आलेख तुम्ही पुरवता. म्हणजे नाव तुम्हालाही आधी कळतं."

"नाही हो काका. ताई तीन कंपन्यांचे आलेख मागतात. त्यातली कुठली घेणार ते मलाही संध्याकाळीच कळतं. मी चोर असतो तर तिन्हीत पैसे घातले असते. इथे उडतो तो एकच, आणि नेमका बरोबर."

पगारांनी वेदिकाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तीन आलेख मागायची युक्ती तिचीच होती. सोमनाथच्या आवाजात खोट नव्हती, आणि तिला तेच जड जात होतं. सोमनाथ सुटले की फास रोशनीभोवती आणखी आवळत होता.

"मोठा सौदा कोणाचा होता?"

"मोठा कोणाचाच नाही. पन्नास, शंभर, पन्नास, शंभर. असले शेअर दिवसाला हजारभर हलत नाहीत, त्यामुळे तेवढ्यानंही चढतात. बहुतेक बायका. फोन सगळे नदीपलीकडचे, पंचवटीचे."

रोशनी पंचवटीत गणेशवाडीला राहायची. वेदिकाही पंचवटीतलीच, पण ही गोष्ट त्या क्षणी तिच्या मनाला शिवली नाही.

"मग हे तुमच्या ध्यानात कसं आलं?" पगारांनी विचारलं.

सोमनाथ जरा अडखळले. "मला राजूनं दाखवलं."

"कोणी?" वेदिकाच्या तोंडून निघालं.

"राजूनं, रोशनीच्या भावानं. म्हणाला, साहेब, दर शुक्रवारी दुपारी काहीतरी गडबड होतेय, बघा."

"आणि तुम्ही त्या दिवशी गोरक्षभाऊंना हे सांगितलं नाहीत?"

"ताई, त्याचं नाव तुम्ही स्वतः घेतलंत, म्हणून मी मध्ये पडलो नाही. मला वाटलं, तुमच्याकडे काही पुरावा असेल. तुमच्यासारखी बाई उगाच कशाला बोलेल?"

वेदिकाला पाणी मागावंसं वाटलं, पण मागायचा धीर झाला नाही.

पगार आलेख उलटसुलट करत होते. "शुक्रवार पाच दिसतात. चढलेले चार. हा मधला सरळसोट आहे. हा कोणता?"

"ती बेअरिंगवाली कंपनी. त्या दिवशी काहीच झालं नाही," सोमनाथ म्हणाले.

"तो शुक्रवार मला चांगला आठवतो," वेदिका हळूच म्हणाली. "चौदाचे एकेचाळीस गेले तो. प्रेक्षकांचे फोनवर फोन आले होते."

लाल पेन कागदावर थांबलं.

"म्हणजे ज्या दिवशी बातमी फुटली नाही, त्याच दिवशी पडद्यावर चूक गेली?"

"हो. पण त्याचा याच्याशी काय संबंध, सर?"

"तेच विचारायला जाऊ," पगार उठले. "जिला विचारायला पाहिजे, तिच्याकडे."

४

गणेशवाडीत फुलांच्या टोपल्यांमधून वाट काढत दोघं रोशनीच्या घरी पोचले. रोशनीच्या आईनं, भागीबाईनं, पगारांना खुर्ची दिली. वेदिकाला दिली नाही.

"तुमी त्या टीव्हीवरच्या बाई ना?" भागीबाई म्हणाली. "लय गोड बोलता टीव्हीवर."

"आई, चहा टाक," रोशनी म्हणाली.

"टाकते की. कोणाकोणाला टाकू, ते सांग."

"सगळ्यांना टाक."

पगारांनी घसा खाकरला. "पोरी, मला एकच समजून घ्यायचंय. त्या बेअरिंगच्या शुक्रवारी आकडा चुकला. कसा?"

रोशनी पगारांशीच बोलत होती, वेदिका खोलीत नसल्यासारखी. "माझ्याच हातून. टाइप करताना काही ना काही चुकतंच, सर. मॅडम प्रूफ बघून फोन करतात, मग मी सुधारते."

"त्या दिवशी फोन नाही आला?"

"आला ना. मॅडम म्हणाल्या, पंचवटीत लाइट नाही, मला काही बघता येत नाही, तशीच सोडून दे."

त्या महिन्यात भारनियमन जोरात होतं. आज एका भागाची पाळी, उद्या दुसऱ्याची.

"कंट्रोल रूमला होती लाइट?"

"होती. रविवार कारंजाची पाळी सकाळी होती."

"म्हणजे त्या दिवशी तुझ्यासमोर कॉम्प्युटर चालू, पडद्यावर कंपनीचं नाव, शेजारी फोन, भाऊ टर्मिनलवर. फोडायचंच असतं तर तुला कोणी अडवलं नव्हतं."

"नाही," रोशनी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं वेदिकाकडे पाहिलं.

"आणि तरी फुटलं नाही." पगार वेदिकाकडे वळले. "फुटायचं बंद झालं ते पंचवटीतली लाइट गेल्यावर. आता मला सांग, प्रूफ निघतं नदीच्या त्या काठाला. पंचवटीत लाइट नसली तर ते बघायचं का अडतं? तू प्रूफ बघतेस कशावर?"

भागीबाईनं चहाचा कप वेदिकापुढे धरला होता. तो घ्यायला वेदिकाचा हात पुढे झालाच नाही.

"टीव्हीवर," ती म्हणाली. "घरच्या टीव्हीवर."

५

ही सवय तिनं स्वतः लावली होती. कॉम्प्युटरवर अक्षरं ठीक दिसतात आणि लोकांच्या टीव्हीवर कडा कापल्या जातात, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. पान छापून कसं दिसतं ते छापील कागदावरच बघायचं, हा तिचा हट्ट. केबलवर त्रेसष्ट नंबरचा चॅनेल रिकामा होता, नुसत्या मुंग्या दिसायच्या. रोशनी शुक्रवारी दुपारी शुक्रवारच्या कंपनीची सगळी पानं त्यावर फिरवायची आणि वेदिका घरी जेवता जेवता वाचायची. मुंग्यांचा चॅनेल कोण बघतो, असं तिला वाटायचं. खरं तर तिला तसंही वाटलं नव्हतं. तिनं तो प्रश्नच विचारला नव्हता.

"मी म्हटलं होतं मॅडमना, सुरुवातीला," रोशनी म्हणाली. "कोणाला दिसलं तर?"

वेदिकाला आठवलं. आपण हसून उत्तर दिलं होतं, तेही आठवलं. 'प्रूफ कोणी वाचत नाही गं, पैसे देऊनसुद्धा.'

"अंदाज झाला. आता दुसरी बाजू," पगार म्हणाले. "वाचलं कोणी?"

गुरुवारी जेवणाच्या वेळेला वेदिकानं कंट्रोल रूममध्ये बसून स्वतः टाइप केलं आणि त्रेसष्टवर सोडलं. 'हा चॅनेल पाहणाऱ्यांनी कृपया खालील क्रमांकावर फोन करावा.' गोरक्ष हाताची घडी घालून मागे उभे होते.

"मॅडम, तिथे कुत्रं बघत नाही. मी स्वतः वायर ओढलीय त्याची."

फोन वाजला.

"हॅलो, मी मंगलाबाई दुसाने, पंचवटीतनं. आज शुक्रवार नाही, तरी जेवताना सवयीनं त्रेसष्ट लावला. काय हो बाई, आमचं केबलचं बिल राहिलंय का? मुलगा भरलं म्हणाला होता!"

वेदिकानं फोनचा स्पीकर लावला. "बिल नाही हो. तुम्ही हा चॅनेल कधीपासून बघता?"

"दिवाळीत नवा टीव्ही घेतला ना, तेव्हापास्नं. मी तुमचा कार्यक्रम बघते, मग वाटलं, असं धड सांगणारं दुसरं काही आहे का बघू. एक एक नंबर दाबत गेले. सगळीकडे ती कोटवाली, घरात भांडण लागल्यासारखी. नातवानं नेटवर दाखवलं, तिथे तर कोणाचं नावच खरं नाही. दाबता दाबता त्रेसष्टला तुमचीच पानं! शांत, आवाज नाही काही नाही. मी भिशीतल्या सगळ्यांना सांगितलं."

"तुम्हाला काय वाटलं, ते काय आहे?"

"दुपारचा अंक! मला वाटलं, बाई आपल्या पंचवटीतल्या आहेत, आपल्या माणसांना आधी दाखवतात." ती मोकळेपणानं हसली. "आम्ही कोणाकडे बोललो नाही हां. भिशीच्या बाहेर एक शब्द नाही."

वेदिकानं डोळे मिटले. सगळ्यांना एकच माहिती, एकाच वेळी. याच एका गोष्टीसाठी तिनं हा कार्यक्रम काढला होता. सिडकोतला, देवळालीतला, सातपूरचा माणूस संध्याकाळपर्यंत थांबायचा आणि सोमवारी चढ्या भावानं घ्यायचा. विकायला बसलेली असायची भिशी.

"बाई? माझं काही चुकलं का?"

"नाही," वेदिका म्हणाली. "तुमचं नाही."

फोन ठेवेपर्यंत दुसरा वाजला. मग तिसरा. गोरक्ष खुर्चीवर बसले होते.

६

"तांत्रिक बिघाड म्हणा आणि मोकळ्या व्हा," शुक्रवारी सकाळी गोरक्ष म्हणाले. "रोशनीची पट्टी फिरवत नाही, पोलिसात जात नाही. सोमवारी पोरगी कामावर येऊ दे. कोणाला काही कळायला नको."

"कळलंय त्याचं काय?" वेदिकानं विचारलं. "तिच्या गल्लीत कळलंय. सोमनाथभाऊंच्या ऑफिसात कळलंय. तिच्या आईला कळलंय."

"तुम्ही स्वतः टीव्हीवर सांगाल तर कार्यक्रम बंद पडेल, मॅडम. कोण विश्वास ठेवेल पुन्हा?"

पगार खिडकीशी पेपर वाचत होते, लाल पेनासह. मान वर न करता, देवळ्याच्या बोलीवर येत म्हणाले, "गोरक्षराव, आमच्यात एक साधा नियम शे. चूक ज्या पानावर गेली, दुरुस्ती त्याच पानावर जाते. आतल्या पानावर, बारीक अक्षरात टाकली तर ती दुरुस्ती नव्हे."

"तुमच्यात शे, काका. आमच्यात जाहिरातदार शे," गोरक्ष चिडवत म्हणाले, पण उठून बाहेर गेले. नाही म्हणाले नाहीत.

शुक्रवारची कंपनी त्या दिवशी नव्हती. तिच्या जागी निवेदन होतं. वेदिकानं ते चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी टाइप करायला बसली आणि आदल्या संध्याकाळी राजूकडे दिलेला निरोप तिला आठवला. रोशनीला सांग, उद्या दुपारी त्रेसष्ट बघ. बघायचंच असं नाही, पण बघितलंस आणि काही चुकलं असेल तर फोन कर.

भिशीवालेही बघतील, हे तिला माहीत होतं. बघू देत. यात विकत घेण्यासारखं काही नव्हतं.

तिनं पान त्रेसष्टवर सोडलं. 'बाजारभानमधील शुक्रवारच्या कंपनीचे नाव गेले काही आठवडे कार्यक्रमाआधीच, दुपारी, एका रिकाम्या चॅनेलवर दिसत होते. प्रूफ तपासण्याच्या आमच्या पद्धतीमुळे हे घडले. ज्यांना थांबावे लागले त्या सर्व प्रेक्षकांची आम्ही क्षमा मागतो. या प्रकरणात गैरसमज होऊन आमच्या सहकारी रोशनी गांगुर्डे यांना नोकरी सोडावी लागली. त्यांचा यात काहीही दोष नाही.'

तिनं फोन जवळ ओढला. पंचवटीत आज लाइट होती, तिनं दोनदा चौकशी केली होती. पगारांनी पेपर घडी करून ठेवला. खालच्या रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते.

फोन वाजला. तिनं उचलला. मागे भागीबाईचा आवाज येत होता, "वाच की मोठ्यानं, काय लिवलंय ते."

"रोशनी?"

"उजवी कड कापली जातेय, मॅडम. 'क्षमा' अर्धंच दिसतंय."

"सुधारते." वेदिकाची बोटं अडखळली. तिला टाइपिंग धड येत नव्हतं. "झालं. दिसतंय आता?"

"दिसतंय."

"अजून काही?"

पुन्हा तीच शांतता. सोमवारी अशाच एका शांततेत वेदिकानं ते वाक्य बोलून टाकलं होतं. या वेळी ती थांबली.

"'गैरसमज होऊन' लिहिलंय," रोशनी म्हणाली. "कोणाचा झाला ते नाही लिहिलं. आणि मी नोकरी सोडली नाही. बातमीत 'कोणी केलं' ते आधी लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत मला."

पगारांनी पेन खिशात ठेवलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

वेदिकानं आधी 'आमच्या पद्धतीमुळे' खोडून 'माझ्या पद्धतीमुळे' केलं. मग खालची ओळ पूर्ण पुसली. एकेक अक्षर शोधत नवी लिहिली. 'मी, वेदिका देवरे, कोणताही पुरावा नसताना त्यांच्या भावाचा उल्लेख करून त्यांच्यावर संशय आणला. त्यामुळे त्यांना काढण्यात आले.' ती ओळ त्रेसष्ट नंबरवर गेली आणि पंचवटीतल्या कितीतरी घरांत, ताटांसमोर, उमटली.

"वाचलंस?"

"वाचतेय."

"रोशनी, सोमवारी तू..."

"ते नंतर बघू, मॅडम." तिनं नाक ओढल्यासारखं वाटलं. "आता बरोबर आहे. सोडा."